गण कसा मोजायचा: श्लोकातला, कानडी पदातला आणि तबल्यापाशी बसून

'गण' हा शब्द आमच्या बेळगाव भागात फार ठिकाणी भेटतो. तमासगीर 'गण झाला का?' म्हणतो तेव्हा त्याला गणपतीचं सुरुवातीचं अख्खं गाणं म्हणायचं असतं. त्यानंतर गवळण, मग वग. पत्रिका बघणारे भटजी देवगण, मनुष्यगण, राक्षसगण काढतात आणि त्यावरून चांगली जमत आलेली सोयरीक मोडतात. शिनोळीवरून पलीकडे चंदगड तालुक्यात गेलं की पंचायत समितीचा मतदारसंघ म्हणजेही गणच. हे सगळे आज बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते पद्यातल्या गणाबद्दल, म्हणजे अक्षरांच्या किंवा मात्रांच्या लहान गटाबद्दल, आणि तो तालात कसा उतरवायचा त्याबद्दल.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी धरते. शाळेत मुलं विचारतात, "बाई, गण पाडायचे कसे?" मंडळात तबल्यावरचे आप्पा विचारतात, "ह्यो श्लोक कुठं बसालाय बघा की ओ बाई." आप्पांच्या घरात कानडी, बाहेर मराठी, त्यांना वृत्ताचं नाव एकही ठाऊक नाही, पण चार शब्द ऐकून बोटं बरोबर तालावर पडतात. मुलांना नावं पाठ असतात आणि टाळी चुकते. दोघांना पुरेल असं काहीतरी लिहावं म्हणून हे.

आधी ठरवा, मोजायचं काय

मोजता येतात तीन गोष्टी: अक्षरं, मात्रा (म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ) आणि टाळ्या. अक्षरगणात तीन-तीन अक्षरं घेतात आणि त्यांतला लघु-गुरूचा, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा, क्रम बघतात. मात्रागणात अक्षरं किती याला किंमत नाही, वेळेची बेरीज बघतात. आणि आप्पा ज्याला खंड म्हणतात, पुस्तकात ज्याला विभागही लिहितात, तो टाळी आणि खालीनं (खाली म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला नेतात ती जागा) पाडलेला तालाचा तुकडा. त्यात शब्द असोत नसोत, वेळ चालूच असतो. 'झपतालाचा दुसरा गण' असं काही नसतं. उलट श्लोकाचे 'चार खंड' म्हटलंत तर तबलजी भलतंच समजेल.

बेळगावात भरतनाट्यमच्या क्लासला जाणारी मुलगी मंडळात आली तर आणखी एक घोटाळा होतो, कारण कर्नाटक संगीतात 'खंड' म्हणजे सरळ पाच. तिस्र तीन, चतस्र चार, खंड पाच, मिश्र सात, संकीर्ण नऊ. तिच्या 'लघु'चंही तसंच: आपला लघु म्हणजे एक मात्रेचं अक्षर, तिचा लघु म्हणजे एक टाळी देऊन पुढं बोटं मोजायची असं तालाचं एक अंग, आणि ते जातीप्रमाणे तीनापासून नऊपर्यंत बदलतं. तेव्हा कुणी बोलायला लागलं की आधी ते कुठल्या बैठकीतून आलंय ते विचारा. अर्धा वाद तिथंच मिटतो.

लघु-गुरू डोळ्यांनी नव्हे, कानानं

ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रा. ए, ऐ, ओ, औ गुरू. स्पष्ट उच्चारलेला अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरू. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर, त्यावर आघात येत असेल तर, गुरू. चरणाचं शेवटचं अक्षर लघु दिसलं तरी गुरू धरतात. एवढंच. वहीत आम्ही लघूला अर्धचंद्र आणि गुरूला आडवी रेघ काढतो. इथं मी 'ल' आणि 'गा' लिहिते, म्हणजे तोंडानं म्हणताही येईल.

आघाताची अट मुलं विसरतात. 'उद्यान' म्हणताना जीभ 'उद्'वर अडते, म्हणून उ गुरू. 'उन्हाळा' म्हणताना अडत नाही, उ लघुच राहतो: ल गा गा. 'तुम्ही', 'कऱ्हाड', 'दऱ्या' यांतही तसंच. जोडाक्षर दिसलं की डोळे झाकून मागच्या अक्षरावर रेघ मारायची सवय सोडवायला मी मुलांना शब्द मोठ्यानं म्हणायला लावते.

दुसरी अडचण शेवटच्या 'अ'ची. मराठी तोंड 'गणाधीश' हा शब्द 'गणाधीश्' असा तोडून टाकतं. पद्यात तो ग-णा-धी-श असा चार अक्षरांचा आहे. इथं घरी कानडी बोलणारी मुलं पुढं असतात, कारण त्यांच्या भाषेत शेवटचा स्वर गिळायची पद्धत नाही. 'राम' ते दोन्ही अक्षरं पुरी म्हणतात. पण तीच मुलं दुसरीकडे अडकतात. कानडीत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात. घराला ते 'मने' म्हणतात, त्यातला 'ने' ऱ्हस्व, म्हणून ल ल. मराठीत 'मने' लिहिलं की ल गा. वर्गात दोन्ही घरची मुलं असली की मी त्यांना जोडीनं बसवते. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं खुणा करायच्या.

आठ गण, एका ओळीत

तीन अक्षरं, प्रत्येक लघु किंवा गुरू, म्हणून आठच जाती होतात. पाठ करायला जुनी किल्ली आहे: यमाताराजभानसलगा. कुठल्याही अक्षरापासून सुरू करून तीन अक्षरं घ्या, त्या अक्षराच्या नावाचा गण तयार. 'य'पासून य-मा-ता, ल गा गा, हा य गण. 'मा'पासून मा-ता-रा, तीनही गुरू, म गण. ता-रा-ज गा गा ल, त गण. रा-ज-भा गा ल गा, र गण. ज-भा-न ल गा ल. भा-न-स गा ल ल. न-स-ल तिन्ही लघु. स-ल-गा ल ल गा. उरलेले 'ल' आणि 'गा' हे एकटे राहणाऱ्या अक्षरांसाठी. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेतल्या व्याकरणातही हीच किल्ली आहे, फक्त शेवट 'सलगं' होतो आणि खुणा मांडण्याला ते 'प्रस्तार' म्हणतात. आपण 'लगक्रम' म्हणतो. ज्यांना ही किल्ली जड वाटते त्यांनी यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा हे शब्द पाठ करावेत. मला स्वतःला किल्लीच बरी वाटते, कारण शब्द विसरला की सगळंच गेलं. किल्ली अर्धी आठवली तरी पुढची सुटते.

आता लावून बघा. समर्थांच्या मनाच्या श्लोकांतला पहिलाच चरण: गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा. ग-णा-धी, श-जो-ई, श-सर्-वां, गु-णां-चा. चारी वेळा ल गा गा. चार य गण, बारा अक्षरं, वृत्त भुजंगप्रयात. यात 'ईश' हा शब्द मधोमध चिरला गेलाय: 'ई' एका गणात, 'श' पुढच्यात. घाबरायचं नाही. गणाचं कुंपण मोजणाऱ्यासाठी असतं, शब्दाला ते माहीतच नसतं.

मंगलाष्टक घरी लिहिणाऱ्यांसाठी

आमच्याकडे लग्न ठरलं की कुणीतरी मावशी किंवा काका मंगलाष्टक लिहायला बसतात, आणि मग कागद माझ्याकडे येतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात. एका चरणात एकोणीस अक्षरं. गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. बाराव्या अक्षरावर थांबायचं. सगळ्यांना येणारी ओळ घ्या: स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं मोरेश्वरं सिद्धिदम्. स्वस्-ति-श्री हा म गण, म्हणजे तीनही गुरू. 'ति' तर ऱ्हस्व, मग गुरू कसा? पुढं 'श्री' आहे, जोडाक्षराचा आघात मागं येतो. पुढं ग-ण-ना ल ल गा, य-कं-ग ल गा ल, ज-मु-खं ल ल गा. बारा झाली, थांबा. मो-रे-श्व गा गा ल, रं-सिद्-धि गा गा ल, आणि दम् गुरू.

शेवटचं पालुपद 'कुर्यात् सदा मंगलम्' याच सात अक्षरांच्या जागेत बसतं: कुर्-यात्-स, दा-मं-ग, लम्. म्हणजे तुम्हाला त्या चरणात फक्त पहिली बारा अक्षरं लिहायची असतात. गा गा गा, ल ल गा, ल गा ल, ल ल गा. भिंतीवर लिहून ठेवा.

सगळी ओढाताण नवरानवरीच्या नावांसाठी असते. नाव कुठल्या गणाचं ते काढा आणि त्या क्रमाची जागा ओळीत कुठं सापडते ते शोधा. वैशाली म्हणजे गा गा गा, ते सरळ सुरुवातीला जातं. सुमती, सविता ल ल गा: चौथ्या किंवा दहाव्या अक्षरापासून. अनिकेत ल ल गा ल, तोही चौथ्यापासून सातव्यापर्यंत चपखल बसतो, मात्र पुढचा शब्द जोडाक्षरानं सुरू करू नका, नाहीतर 'त' फुगून गुरू होईल. राधिका आणि जानकी म्हणजे गा ल गा, र गण. या वृत्ताच्या गणांच्या यादीत र नाही म्हणून एका मावशींनी राधिकाचं नाव बदलून 'राधा' करायचं ठरवलं होतं. गरज नव्हती. सहावं, सातवं, आठवं अक्षर ओळीनं घ्या, 'नायकं' जिथं आहे तिथं: गा ल गा. चौदाव्यापासून आणि सतराव्यापासूनही तोच क्रम मिळतो. कुंपण ओलांडून बघायचं, एवढंच.

मंगलाष्टकाला तबला लागत नाही, तेव्हा तालाची चिंता नाही. भटजी कितीही ओढोत.

अक्षरं सोडा, मात्रा धरा

पदं, साक्या, दिंड्या, कविता यांत बहुधा अक्षरगण शोधून उपयोग नसतो. तिथं मात्रांच्या गटांची आवर्तनं असतात, म्हणजे तेवढ्याच मात्रांचा फेरा पुन्हापुन्हा येतो. साकीला १६ आणि १२ अशा २८ मात्रा, दिंडीला ९ आणि १० अशा १९. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी साक्या-दिंड्या नाटकात आणल्या, तेव्हा प्रेक्षकांच्या कानाला त्या कीर्तनातून ओळखीच्याच होत्या.

आवर्तनांना छंदशास्त्राचे अभ्यासक माधवराव पटवर्धन यांनी दिलेली नावं मला फार आवडतात. सहा मात्रांच्या आवर्तनाला भृंगावर्तनी, कारण भुंग्याला सहा पाय. आठाला पद्मावर्तनी, आठ पाकळ्या. सातांना अग्न्यावर्तनी, अग्नीच्या सात जिभा. पाचांना हरावर्तनी, शंकराची पाच तोंडं. एकदा ऐकलं की विसरत नाही. आणि आप्पांना सांगायला सोपं: भृंग म्हणजे दादरा, पद्म म्हणजे केरवा, अग्नी म्हणजे रूपक, हर म्हणजे झपताल. झपतालाच्या मात्रा दहा, म्हणजे पाचाची जोडी.

आता पुन्हा मनाच्या श्लोकांकडे या. ल गा गा म्हणजे एक अधिक दोन अधिक दोन, पाच मात्रा. चार गण म्हणजे वीस. झपतालाची दोन आवर्तनं बरोबर. पण पहिलं अक्षर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाकलंत तर गाडी खडखडते, कारण झपतालाचे खंड २-३-२-३ आहेत आणि आपला गण ल-गा मिळून तीन, मग गा दोन, म्हणजे ३-२. उलटा. आप्पांनी यावर विचारलं, "मग आधीच उचलूया की?" तेच उत्तर आहे. आठव्या मात्रेवर सुरू करा.

मना सज्जना भक्तिपंथेचि जावें. 'मना' आठ, नऊ, दहावर. 'सज्' समेवर, एक-दोन. 'जना' तीन, चार, पाच. 'भक्' खालीवर, सहा-सात. 'तिपं' आठ, नऊ, दहा. 'थे' पुन्हा समेवर. 'चिजा' तीन ते पाच. 'वें' खालीवर, आणि आठवर पुढचा चरण आपोआप येतो: तरी श्रीहरी. तोंडानं धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना म्हणत बघा. कुठं ओढावं लागत नाही, कुठं कोंबावं लागत नाही. भरतनाट्यमवाली मुलगी हेच 'तकतकिट'वर म्हणेल आणि खंड नडे, म्हणजे पाचाची चाल, म्हणेल. तिचंही बरोबर.

ज्यांना झपताल झेपत नाही त्यांनी प्रत्येक गणाचा शेवटचा गुरू एक मात्रा लांबवावा. पाचाचे सहा झाले की श्लोक दादऱ्यात जातो. बायकांच्या मंडळात बहुधा असंच करतो आम्ही, कारण टाळ धरणारीला दादरा चटकन सापडतो.

कानडी पद आलं तर

सीमाभागातल्या मंडळाला कानडी पदं म्हणावीच लागतात, आणि का म्हणू नयेत? तिथं मात्रागणाचा हिशेब आपल्यापेक्षा शिस्तीचा आहे. षट्पदी म्हणजे सहा ओळींची रचना. तिच्या सहा जाती, आणि प्रत्येकीचा गण ठरलेला. कुमारव्यासाचं कन्नड भारत ज्या भामिनी षट्पदीत आहे तिच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या ओळीत ३-४-३-४ अशा चौदा मात्रा. आपला दीपचंदी ताल घ्या, त्याचे खंडही ३-४-३-४. हातात हात घातल्यासारखं बसतं. दीपचंदी येत नसेल तर रूपकाची दोन आवर्तनं घ्या, ३-२-२ म्हणजे तीन आणि चारच की. तिसऱ्या आणि सहाव्या ओळीत ३-४ तीन वेळा येऊन वर एक गुरू असतो, एकूण तेवीस. त्या गुरूनंतर रूपकाच्या पाच मात्रा मोकळ्या राहतात, तिथं श्वास घ्या. वार्धक षट्पदीचा गण पाचाचा, चार वेळा, वीस मात्रा: म्हणजे झपताल.

कानडीत आणखी एक गण आहे, अंशगण. ब्रह्म, विष्णू, रुद्र अशी त्यांची नावं. ब्रह्माला दोन अंश, विष्णूला तीन, रुद्राला चार. जात्यावरची कानडी त्रिपदी आणि सर्वज्ञ कवीची वचनं याच मापाची: अकरा गण, त्यांतला सहावा आणि दहावा ब्रह्म, बाकीचे विष्णू. इथं अंश एका गुरूचा, दोन लघूंचा, कधी एकाच लघूचाही असतो, म्हणून मात्रा मोजायला बसलात तर बेरीज दर वेळी वेगळी येते. ते मोजू नका. आजीला म्हणायला लावा आणि ती जिथं जोर देते तिथं खूण करा.

अभंगाला गण लावू नका

हे सगळं शिकून झालं की मुलं उत्साहानं अभंगाचे गण पाडायला लागतात. थांबवा त्यांना. अभंग अक्षरछंद आहे. लघु-गुरूचा क्रम तिथं ठरलेला नाही, नुसती अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगाला ६-६-६-४ अशी बावीस. सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. लहान अभंगात आठ-आठ. यापलीकडे छंदाची मागणी नाही, आणि म्हणूनच एकाच अभंगाला गावागावांत वेगळी चाल असते.

तालात बसवताना भजनी ठेक्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन एका चरणाला द्या. सहा अक्षरं आठ मात्रांत पसरताना कुठली दोन ओढायची ते चाल ठरवते, तुम्ही नाही. चौथ्या चरणात अक्षरं चारच, तरी आवर्तन पुरंच द्यायचं. 'ठेवोनिया'तला 'या' लांबतो आणि मागं तीन-चार मात्रा रिकाम्या राहतात. ती जागा टाळकऱ्यांची. तिथं पेटीवाल्यांनी बोटं घालू नयेत, आणि तबलजींनी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) टाकायची असेल तर आधी सगळ्यांना सांगून ठेवावं. आप्पा सांगत नाहीत.